पाच सूत कमी

प्रभाकर, तुला जाऊन महिना झाला आणि माझा राग अजून उतरलेला नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर रागावू नये. त्यांना म्हणायला काय जातं? तुझ्या विमानाच्या नाकाचं झाकण त्यांना घासावं लागत नाही. आत्ता माझ्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत खाज सुटली आहे. फायबर ग्लासची धूळ कातडीत रुतून बसली आहे. खोबरेल तेल लावून झालं, थंड पाण्यानं धुऊन झालं, तरी दर दोन ओळींनी मी पेन खाली ठेवून खाजवतो आहे. तेव्हा काही गोडगोड वाचायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नकोस.

तेराव्याला सगळ्यांनी तुझ्याबद्दल चांगलं बोलून घेतलं. फॅक्टरीतली जुनी माणसं आली होती. कुणी तरी म्हणालं, किती शांत स्वभाव होता. शांत! मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. चौतीस वर्षं आपण एका फॅक्टरीत काढली, तू पॅटर्न शॉपला ओतकामाचे लाकडी नमुने करायला, मी वेल्डिंगला. इंद्रपुरीत दोन गल्ल्या सोडून घरं. आणि निवृत्तीनंतरची सहा वर्षं अयोध्या नगरच्या त्या भाड्याच्या शेडमध्ये रोज सकाळी दहा ते एक, तू, मी आणि ते दोन माणसांचं विमान. तुझ्या शांतपणाची मला जेवढी माहिती आहे तेवढी त्या मांडवात कुणालाच नव्हती. आणि शेवटचा दीड महिना आपण एकमेकांशी बोलत नव्हतो, हे सुमनवहिनी सोडल्या तर कुणाला ठाऊक नव्हतं. लोक येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवत होते. 'आपका तो जिगरी था,' म्हणत होते. मी मान हलवत होतो.

दिवाळीनंतरचा तो रविवार तुला आठवत असेलच. तू काही विसरत नसायचास, सोयीचं सोडून.

नाकाचं, म्हणजे इंजिनाखालचं झाकण बसवायचं होतं. ते विमानाच्या सुट्या भागांच्या किटमधून मुद्दाम लांब येतं, आणि ज्यानं त्यानं आपल्या विमानाच्या मापानं मागची कड कापून बसवायचं असतं. चार महिने त्याची वाट पाहिली. हबीबगंजला पार्सल आलं तेव्हा (स्टेशनचं नाव बदलून एवढे दिवस झाले, पण आपल्या तोंडी तेच) तू हमालाला हात लावू दिला नाहीस. दोघांनी उचलून ऑटोत घातलं आणि अयोध्या नगरपर्यंत तू ते मांडीवर धरून बसलास.

मी म्हणालो, झाकण जागेवर धरू, कडेला टेप चिकटवू आणि डोळ्यांनी बघून रेघ मारू. तू चष्मा कपाळावर सरकवलास.

"अबे दत्ता, वेल्डरचं काम अंदाजानं चालते. आमचं मापानं. मी माप सांगतो, तू रेघ मार अन् काप. डोकं नको लावू."

तू इंजिनाखाली वाकलास, पट्टी आडवी धरलीस आणि ओरडलास, "आठशे तेहतीस!" मी टेबलावरच्या झाकणावर माझ्या मोजायच्या टेपनं आठशे तेहतीसला खूण केली, रेघ मारली, ग्राइंडर चालवला. मग दोघांनी झाकण उचलून जागेवर लावलं. मागं फट. इंजिनामागची स्टीलची भिंत तिथून स्वच्छ दिसत होती. सतरा मिलिमीटर. म्हणजे पाच सूत आणि वर थोडं. इंचाची आठ सुतं करणारी माणसं आता उरली नाहीत, पण तू मिलिमीटरमध्ये मोजायचास आणि भांडायचास मात्र सुतात.

"पाच सूत कमी! काय केलंस बे हे?"

"तू सांगितलंस तेच केलं."

मी माझ्या टेपनं झाकण मोजून दाखवलं. आठशे तेहतीस. तू तुझ्या पट्टीनं इंजिनावरची जागा मोजून दाखवलीस. आठशे तेहतीस. दोघंही बरोबर आणि मधे बोट जाईल एवढी फट. शहाण्या माणसांनी तिथल्या तिथे पट्टी आणि टेप शेजारी ठेवून पाहिली असती. आपण दोघं मिळून अडुसष्ट वर्षांचे अनुभवी. आपण एकमेकांना खोटं पाडत बसलो.

मग दुसरं भांडण लागलं. मी म्हणालो, काही बिघडलेलं नाही, कड वाढवू, कापड आणि रेझिन लावून जोड देऊ. तू म्हणालास, जोडलेलं ते जोडलेलंच, मी लाकडाचा साचा करतो, नवं झाकण ओतू. मी म्हणालो, साच्याला तू वर्ष लावशील. तू म्हणालास, "लागू दे. तुला कुठं जायचं आहे?"

मी ग्राइंडरची वायर गुंडाळली. "माप घेता यायला लागलं की बोलव," म्हणालो आणि निघालो. तू बोलावलं नाहीस. डिसेंबरात गेलास. कसा गेलास ते सगळ्यांना माहीत आहे, मी पुन्हा सांगत नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला बोलावून घेतलं. शेडचे मालक साहूजी, त्यांना पुढच्या महिन्यापासून जागा परत हवी होती. त्यांच्या स्टीलच्या कपाटांचं काम वाढलं आहे. एका इंजिनिअरिंग कॉलेजनं मुलांना दाखवायला म्हणून विमान न्यायची तयारी दाखवली होती, जसं आहे तसं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते उडणार नाही हे मला कळलंय. पण असं नाकाशिवाय नका पाठवू. सहा वर्षं मी त्याला अर्धवटच बघतेय. एकदा पुरं बघू द्या."

मी लगेच हो म्हणालो. हा माझा चांगुलपणा समजू नकोस. मला त्या शेडमध्ये जायचं होतं आणि एकदाचं सिद्ध करायचं होतं की चूक माझी नव्हती. तू ऐकायला असशील की नसशील, मला पर्वा नव्हती.

आणि पहिल्याच दिवशी सिद्ध झालं. किती कड वाढवायची ते मोजायला मी भिंतीवरच्या खिळ्याची पट्टी काढली, सवयीनं शेजारी माझी टेप लांबवली, आणि पाहतो तर काय, तुझा मीटर संपला तिथे माझी टेप एक हजार वीस दाखवत होती. तू श्रिंक स्केलनं मोजलं होतंस, गाढवा! पॅटर्नवाल्यांची पट्टी. ओतलेलं पोलाद थंड होताना आक्रसतं, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि म्हणून तुमची पट्टीच मुळात लांब असते. तिच्यानं कुठलीही वस्तू मोजली की ती आहे त्यापेक्षा लहान भरते. फॅक्टरीतून आठवण म्हणून आणलेली ती पट्टी तू साध्या पट्टीच्याच खिळ्याला टांगायचास. चौतीस वर्षं हात जिच्याकडे गेला तिच्याकडेच त्या दिवशीही गेला. जगात दुसऱ्या कुणाकडून ही चूक झाली नसती. पॅटर्न मेकरच विमान बांधायला बसावा लागतो.

"बघ!" मी मोठ्यानं म्हणालो.

दाराशी साहूजी होते. "किससे बात कर रहे हो, दत्ताजी?"

"किसीसे नहीं."

भांडण जिंकलो आणि समोर कुणी नाही. तुझा चेहरा कसा झाला असता ते मी पंधरा मिनिटं डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. तू आधी पट्टीला दोष दिला असतास, मग चष्म्याला, मग साहूजींच्या ट्यूबलाइटला. शेवटी म्हणाला असतास, "चल, चहा पाज." तेवढंही माझ्या वाट्याला आलं नाही. मला इतका संताप आला की मी ती पट्टी टेबलावर आपटली आणि मग वाकली तर नाही ना म्हणून उचलून पाहिली.

पहिला जोड चौथ्या दिवशी हातात निघून आला. मी म्हटलं, जोडणं हा आपला धंदा आहे, आयुष्यभर पोलाद जोडलं, हे तर कापड. झाकणाच्या बाहेरून पातळ पत्रा बांधला, त्याला खाकी पॅकिंग टेप लावली म्हणजे रेझिन चिकटणार नाही. वेल्डिंगला तासतो तशी आतली कड थोडी तासली. आतून कापडाचे थर रेझिननं भिजवून लावले. वाळल्यावर दिसायला असं सुंदर की मी साहूजींना दाखवलं. त्यांनी बोटानं वाकवून पाहिलं आणि टप्प असा आवाज झाला. "निकल गया," ते म्हणाले. मी त्यांना काही बोललो नाही, पण तुला बोललो.

दुसरा जोड वाळलाच नाही. जानेवारीची थंडी, पत्र्याची शेड, रेझिन तीन दिवस गुळाच्या पाकासारखं चिकट. कुणी सांगितलं, वर दिवा लावून ऊब द्या. मी जुना पिवळा बल्ब शोधत अर्धं अयोध्या नगर पालथं घातलं. सगळीकडे एलईडी. एक दुकानदार म्हणाला, "अंकल, वो गरम होने वाला तो अब कोई रखता ही नहीं." प्रकाश देऊन तापतच नाही असले दिवे काय कामाचे? शेवटी तो सगळा चिकटा पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून काढला. त्यात माझा एक स्वेटर गेला. घरी आमच्या हिनं विचारलं, "कशासाठी हे? प्रभाकरभाऊजी बघायला येणार आहेत का?" मी जेवलो नाही त्या दिवशी.

चिकटा पुसायला अ‍ॅसिटोन हवं होतं, ते शोधताना तुझ्या खालच्या कपाटात बिस्किटांचा डबा सापडला. साच्याचं लाकूड कुठे आहे ते मी आधीच पाहिलं होतं. एकही फळी कापलेली नव्हती. वर्षभर साचा करणार होतास ना? डब्यात मात्र तळहाताएवढे पाच तुकडे होते. फायबर ग्लासचे, प्रत्येकाला मधोमध जोड, प्रत्येकावर पेन्सिलीनं तुझं ते चौकोनी अक्षर. एक, सुटला. दोन, सुटला. तीन, कडेचा उतार वाढवला, वाकवल्यावर सुटला. चार, जाडीच्या बारापट उतार, टिकला. पाच, टिकला, पण कड उठते, दत्ताला विचारावे.

दत्ताला विचारावे! कधी? कसं? सात मिनिटांवर माझं घर. खिशात फोन होता. गॅसचा नंबर लावायला तू मला फोन करायचास, टीव्हीचा रिमोट चालत नाही म्हणून करायचास, आणि हे तू पेन्सिलीनं तुकड्यावर लिहून डब्यात बंद करून ठेवलंस. माणसानं किती ताठ असावं? मी तो पाचवा तुकडा हातात घेऊन तुझ्या स्टुलावर बसलो आणि रडलो, आणि रडताना मास्क लावलेलाच होता म्हणून आणखी वैतागलो.

उत्तर मला येत होतं, प्रभाकर. एका मिनिटाचं काम होतं. वेल्डिंगमध्ये पातळ पत्रा उठतो तसंच हे. सगळे थर एका दमात चढवायचे नाहीत, आणि गार होईपर्यंत दाबून धरायचं. तुझा बारापट उतार मला ठाऊक नव्हता, माझं दाबून धरणं तुला ठाऊक नव्हतं. दोघांनी अर्धं अर्धं उत्तर गिळून ठेवलं होतं.

तिसऱ्या जोडाला वहिनी आल्या. ऊब हवी आहे म्हटल्यावर त्यांनी काही विचारलं नाही. घरून शेकायच्या दोन रबरी पिशव्या आणल्या, एक त्यांची आणि एक तुझ्या कंबरेची. मी तुझ्या चौथ्या तुकड्याप्रमाणे कड लांबवर तासली, अगदी कागदासारखी पातळ होईपर्यंत. दोन थर लावले, वर प्लास्टिक घातलं, त्यावर गरम पाण्याच्या पिशव्या. ऊबही आणि वजनही. वहिनी विजेच्या किटलीत पाणी तापवायच्या आणि दर अर्ध्या तासानं पिशव्या बदलायच्या. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. दुसऱ्या दिवशी पुढचे दोन थर, पुन्हा तसंच. मधे त्या म्हणाल्या, "यांच्या कंबरेलाही एवढ्या वेळा शेकलं नव्हतं मी." आणि हसल्या. तू गेल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

जोड वाकवून पाहिला. साहूजींना बोलावून त्यांच्याकडूनही वाकवून घेतला. नाही सुटला. मग झाकण जागेवर धरलं, वहिनींनी दुसरं टोक सांभाळलं, कडेला टेप चिकटवली आणि डोळ्यांनी बघून रेघ मारली. मला आधीपासून जसं करायचं होतं तसंच. कापलं, घासलं, पुन्हा लावलं. कडेला पोस्टकार्ड सरकेल एवढीच जागा उरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी. स्क्रू लावून मी मागं सरकलो. वहिनी शेडच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथून बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले. विमानासारखं विमान दिसत होतं, प्रभाकर. तू पाहायला हवं होतंस. मला तुझा भयंकर राग आला.

मग आम्ही चहा घेतला, आणि मला राहवलं नाही. इतके दिवस जे कुणाला तरी ऐकवायचं होतं ते मी त्यांना ऐकवलं. खिळ्यावरची पट्टी काढली, शेजारी टेप धरली, सगळं समजावून सांगितलं. म्हणालो, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण चूक त्याची होती. माझी नव्हती."

वहिनी म्हणाल्या, "माहीत आहे मला. दुसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं होतं त्यांनी. पट्टी चुकली माझी, म्हणाले."

त्या कपातल्या चहाकडे बघत होत्या.

"पण आणखी एक म्हणाले होते. म्हणाले, दत्ताच्या नजरेतून सूतभर सुटत नाही. रेघ मारली तेव्हाच त्याला दिसलं असणार. मग कापलं कसं त्यानं, एवढंच मला कळत नाही."

आता तुला सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. त्या दिवशी सकाळी झाकण एकदा वर ठेवून पाहिलं होतं तेव्हा जादा भाग चार बोटं होता. टेबलावर रेघ मारल्यावर कापायचा भाग पाच बोटं दिसत होता. मी हात ठेवून पाहिलाही, एकदा, तुझी पाठ होती तेव्हा. पाच बोटं. मला दिसलं होतं, प्रभाकर. 'थांब, पुन्हा मोज' एवढंच म्हणायचं होतं. पण तू म्हणाला होतास, डोकं नको लावू. मी म्हटलं, बरं. नाही लावत. तुझं माप चुकलेलं तुझ्याच डोळ्यांनी बघ. आणि ग्राइंडर चालू केला.

एवढा महिना मी तुझी चूक उगाळत होतो ती यासाठी.

वहिनींसमोर मी पट्टी परत खिळ्याला टांगली. तिकडे बघतच विचारलं, "मग बोलला का नाही तो मला? येऊन भांडला असता."

"तेच मी म्हटलं त्यांना," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणाले, मी रोज दहाला शेड उघडून बसतो. भांडायला तो आला तर पाहिजे ना."

त्या कप विसळायला बाहेर गेल्या. मी तिथेच उभा राहिलो. शेडला दोन किल्ल्या होत्या. एक तुझ्याकडे आणि एक माझ्याकडे. तो सगळा दीड महिना माझी किल्ली माझ्या पँटच्या खिशात होती, आणि मी आलो नाही.